एका वेळी एकच कच्चा खर्डा

अद्भुतकथा लिहिणाऱ्याच्या टेबलावर सहसा एकच काम नसतं. कादंबरी चालू असते, तेवढ्यात दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन येतो, कुणीतरी दहा भागांची ऑडिओ मालिका लिहाल का विचारतं, आणि अर्धवट सोडलेली किशोर कादंबरी कपाटात पडलेली असतेच. मराठीत नुसत्या लेखनावर घर चालत नाही, म्हणून नोकरी असते. मुंबईत नोकरी म्हणजे रोजचा दोन-अडीच तासांचा प्रवास आलाच. तरीही ही सगळी कामं एकत्र चालवता येतात. अट एवढीच, की ती सगळी एकाच टप्प्यावर असता कामा नयेत.

लेखनाचे टप्पे कुणीही मोजले तरी साधारण सारखेच निघतात: टिपणं, आराखडा, कच्चा खर्डा, मुरत ठेवणं, फेरलेखन, प्रुफं. यातला कच्चा खर्डा एका वेळी एकाच कामाचा असावा. त्याच्या जोडीला एका कामाचं फेरलेखन आणि एका कामाची टिपणं, एवढं चालतं. चौथं काम मुरत पडलेलं असलं तरी हरकत नाही, ते आपला वेळ खात नाही. दोन कच्चे खर्डे एकत्र घेतले की मात्र दोन्ही बिघडतात, आणि वास्तववादी लेखनापेक्षा अद्भुताच्या लेखनात जास्त बिघडतात. गिरगावातल्या चाळीवर दोन गोष्टी एकदम लिहिल्या तरी जिना, नळ आणि गॅलरी दोन्हींकडे तीच राहते. कल्पित जगात मात्र जिना कुठे आहे, हेच खर्डा लिहिताना ठरत असतं. दोन जगांचे नियम एकाच डोक्यात ठरू लागले, की पहिल्यातला नियम दुसऱ्यात झिरपतो.

हे झिरपणं कसं असतं ते शापाच्या उदाहरणावरून लगेच कळेल. पुराणकथांवर वाढलेल्या वाचकाला शापामागोमाग उःशाप अपेक्षित असतो. अमुक घडेपर्यंत शिळा होऊन पड, तमुक आला की सुटशील. समजा, एका कादंबरीत तुम्ही ठरवलंत की या जगात उःशाप नाही, दिलेला शाप देणाऱ्यालाही मागे घेता येत नाही. त्याच महिन्यात दिवाळीच्या कथेत नायिकेला उःशाप मिळतो. दोन आठवड्यांनी कादंबरीकडे परत आलात, की एखादं पात्र सहज ‘यावर उपाय असेलच ना’ असं बोलून जातं आणि तुम्हीही ते चालवून घेता. ही चूक फेरलेखनात सापडते, पण तोवर त्या एका वाक्यावर पुढची चाळीस पानं उभी राहिलेली असतात.

आता आकड्यांकडे. नोकरी करणाऱ्या माणसाने दिवसाला ४०० ते ५०० शब्दांचा कच्चा मजकूर धरावा, तोही आठवड्यातून पाच दिवस. ४५० धरले तर आठवड्याला २,२५० होतात. ७०,००० शब्दांची कादंबरी म्हणजे ३१ आठवडे. त्यात गणपती, आजारपण, ऑफिसातलं मार्चअखेर आणि पावसात लोकल अडकण्याचे दिवस मिळवले, की ४० आठवडे धरलेले बरे. इंग्रजी लेखनाच्या सल्ल्यांतले लाखभर शब्दांचे आकडे मराठीला तसेच लावू नयेत. आपल्याकडे विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, ‘वाड्यासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो. तोच ऐवज मराठीत कमी शब्दांत मावतो. लाखाचं लक्ष्य ठेवून लिहायला बसलेल्या मराठी कादंबरीत मधली शंभर पानं बहुतेक वेळा पाणी घातलेली निघतात.

खर्ड्याची वेळ सकाळची. मुंबईत बऱ्याच इमारतींत पहाटे पाणी येतं आणि घर जागं होतं, म्हणून त्याच्या आधीचा तास किंवा नंतरचा, यातला एक ठरवून घ्यावा. मधला तास मिळत नाही. फेरलेखन मात्र रोजच्या तासाभरात करू नये. त्याला निदान पन्नास पानं एकदम डोक्यात धरावी लागतात, त्यामुळे ते शनिवार-रविवारी तीन-तीन तासांच्या बैठकीत करावं. रोज तासभर फेरलेखन केलं की वाक्यं गुळगुळीत होतात, पण प्रकरणांचा क्रम चुकलाय हे कधीच दिसत नाही.

एक काम बाजूला ठेवून दुसरं उचलताना अर्धं पान लिहून ठेवायची सवय लावून घ्यावी. त्यात चार गोष्टी असाव्यात: पात्रं आत्ता कुठे आणि कुठल्या वेळी उभी आहेत, पुढचे तीन प्रसंग कोणते, कुणाला कुठलं गुपित ठाऊक आहे आणि कुणाला नाही, आणि कुठला प्रश्न मुद्दाम लोंबकळत ठेवलाय. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण अद्भुतकथेत कथानक बहुधा माहितीवरच चालतं. सहा आठवड्यांनी परत आल्यावर कोणती राणी कुणाची सख्खी बहीण हे आठवतं. प्रधानाला ते केव्हा कळलं हे आठवत नाही. परत येताना हे अर्धं पान आणि खर्ड्याची शेवटची दोन पानं, एवढंच वाचावं. पहिल्यापासून वाचायला घेतलं की हात आपोआप दुरुस्त्या करू लागतो, आठवडा जातो आणि खर्डा एक ओळही पुढे सरकत नाही.

मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे चक्र चालू आहे. गूढ आणि अद्भुत लिहिणाऱ्यांना ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांमुळे स्वतंत्र जागा मिळाली. कथेचं निमंत्रण बहुधा उन्हाळ्यात येतं आणि मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत द्यायचा असतो. पण दिवाळी दर वर्षी त्याच तारखेला येत नाही. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला आहे. आदल्या वर्षी ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतं. अधिक महिन्याच्या वर्षी तीन आठवडे जादा मिळाल्यासारखं वाटतं आणि तिथेच कादंबरीचा खर्डा लांबतो. संपादकांनी तारीख सांगितली असेल तर तीच धरावी, पंचांगावरून स्वतःची तारीख काढू नये.

कथेची लांबी आधीच विचारून घ्यावी. ३,००० ते ५,००० शब्दांत दोन-तीन पात्रं आणि जगाचा एकच विचित्र नियम बसतो, त्याहून जास्त नाही. बरेच जण कादंबरीचंच जग कथेत आणतात, कारण ते तयार असतं. मला हे पटत नाही. कादंबरीच्या जगाची ओळख करून देण्यातच १,२०० शब्द जातात आणि कथेला शेवट सापडत नाही. दिवाळीच्या कथेला स्वतःचं छोटं जग असावं, आणि तिची टिपणं एप्रिलमध्ये, म्हणजे कादंबरीचा खर्डा चालू असताना, वेगळ्या वहीत जमा झालेली असावीत. जून लागला की कादंबरी थांबवायची, अर्धं पान लिहून ठेवायचं, आणि तीन-चार आठवडे फक्त कथा. दुसऱ्या अंकाच्या संपादकांचा फोन आला तर ‘सर, यंदा एकच कथा होते आहे, पुढच्या वर्षी नक्की’ असं त्याच दिवशी सांगावं. ऑगस्टमध्ये सांगितलेला नकार लक्षात राहतो, मे महिन्यातला कुणी मनावर घेत नाही.

ऑडिओचं गणित निराळं. वाचनाचा वेग मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द धरला, तर पाऊण तासाच्या भागाला पाच-सव्वापाच हजार शब्द लागतात. दहा भाग म्हणजे पन्नास हजार. एक छोटी कादंबरीच झाली. हे काम ‘मधल्या वेळात’ होत नाही, ते कच्च्या खर्ड्याच्याच जागी धरावं लागतं. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, म्हणून एका भागात नवी नावं चारच्या वर नकोत आणि दोन नावांचं पहिलं अक्षर एक नको. छापील कादंबरीत चालून जाणारी ‘विरोचन’ आणि ‘विराज’ ही जोडी कानाला एकच वाटते.

आता वाचन. लिहिणाऱ्याचं वाचन आवडीवर सोडून चालत नाही, तेही टप्प्यांनुसार लावावं लागतं. टिपणांच्या काळात संदर्भ वाचावेत. खर्ड्याच्या काळात मराठी गद्य वाचावं, आणि जुनं वाचावं. फेरलेखनाच्या काळात समकालीन कथा-कादंबऱ्या. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते खर्ड्यात दिसतं. खर्डा चालू असताना इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांची मालिका लावली, की आपली पात्रं खांदे उडवू लागतात, भुवई उंचावतात, रोखून धरलेला श्वास सोडतात. शब्द मराठी असतात, अंगविक्षेप भाषांतरित. त्या मालिका नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाचाव्यात, हातात खर्डा नसताना. दिवाळी अंकांचंही तेच. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांसाठी वेगळी योजना असते, तीत नाव घातलं की संक्रांतीपर्यंत तीस-चाळीस अंक नजरेखालून जातात. विकत घ्यायची पुस्तकं त्याच सुमारास दादरच्या छबिलदास गल्लीत ‘आयडियल’मध्ये चाळून ठरवावीत.

खर्ड्याच्या काळात वाचायला माझी पहिली शिफारस चातुर्मासातल्या कहाण्यांची आहे. ‘आटपाट नगर होतं’ या तीन शब्दांत नगर उभं राहतं. नकाशा नाही, वंशावळ नाही. पुढे नीट पाहिलं तर प्रत्येक कहाणीत एक अद्भुताचा नियम पूर्णपणे मांडलेला आहे. वसा कुणी घ्यायचा, कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी, किती दिवस, नैवेद्य काय, उद्यापन कसं; आणि उतलं-मातलं, घेतला वसा टाकला तर काय होईल. जादूला कृती आहे, मुदत आहे, किंमत आहे. मग कुणीतरी तो वसा टाकतो आणि कहाणी सुरू होते. एक कहाणी मोठ्याने वाचायला पाच-सात मिनिटं लागतात. लिहायला बसण्यापूर्वी रोज एक वाचावी. वाक्यांची लांबी आपोआप ताळ्यावर येते.

लढाईच्या प्रकरणांआधी बखर वाचावी. पानिपतावरच्या भाऊसाहेबांच्या बखरीत गर्दी, धूळ आणि अफवा कशा येतात ते पाहण्यासारखं आहे. संवाद अडले असतील तर चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र. तिथे बोलणं दोन-तीन शब्दांत उरकतं आणि तरी माणूस उभा राहतो. जगाचं नाव-गाव न सांगता जग कसं उभं करायचं हे पाहायचं असेल तर जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहातल्या दोन दीर्घकथा, पण त्या फेरलेखनाच्या काळात. खर्डा चालू असताना जी.एं.ची लय अंगात आली तर काढणं कठीण. त्यांची नक्कल पहिल्या परिच्छेदातच ओळखू येते.

कथासरित्सागर हा या धंद्याचा मूळ दस्तऐवज. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये राणी सूर्यमतीसाठी रचला. त्यात १८ लंबक (म्हणजे भाग) आणि १२४ तरंग (म्हणजे प्रकरणं) आहेत. रोज एक तरंग घेतला तर चार महिन्यांत होतो. त्याहून वेगाने वाचू नये, कारण गोष्टींतल्या गोष्टींचा धागा सुटतो. वाचताना समासात एवढंच लिहावं: कोण कुणाला सांगतंय आणि का सांगतंय. वेळ काढायला, शहाणपण द्यायला, फसवायला, की शिक्षा टाळायला? वेताळाच्या पंचवीस गोष्टीही यातच आहेत, आणि तिथे सांगण्याचं कारण गोष्टीइतकंच महत्त्वाचं आहे: राजा बोलला की वेताळ परत झाडावर. कादंबरीत पात्राला पूर्वकथा सांगायला लावताना हा प्रश्न विचारला, की निम्म्या पूर्वकथा गळून पडतात.

संदर्भवाचन म्हणजे खरा खजिना, आणि मुंबईकराला तो पासाच्या पैशांत मिळतो. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं आहे. जुनी मासिकं आणि संदर्भग्रंथांसाठी तिथे जावं, पण ‘काहीतरी चाळू’ म्हणून नाही. घरून पाच प्रश्न लिहून न्यावेत. उदाहरणार्थ: विहिरीवरच्या मोटेचे भाग कोणते? गावाच्या वेशीवर रात्री कोण असतं? पेरणीआधी कोणता विधी? प्रश्नांशिवाय गेलेली दुपार छान जाते आणि वही कोरी राहते.

काही ग्रंथ मात्र घरीच हवेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ (१९१५) त्यांतला पहिला. बलुतेदार-अलुतेदार, त्यांचे हक्क, त्यांना खळ्यावर काय मिळतं, कोण कुणावर अवलंबून. कल्पित राज्य लिहिणारे राजा, सेनापती, जादूगार एवढ्यांवर थांबतात. त्या राज्यात नांगराचा फाळ कोण शेवटतो, म्हणजे ठोकून त्याला पुन्हा टोक कोण आणतो, आणि त्याला धान्य केव्हा मिळतं, हे ठाऊक नसतं. मग दुष्काळ पडला की राज्यात फक्त लोक उपाशी मरतात, बाकी काहीच मोडत नाही. दुसरं, रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. किल्ला कुठे बांधावा, पाणी आधी पाहावं, आरमारात गुराब-गलबतं कशी असावीत. गलबतांना लाकूड हवं म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडं राजी-रजावंदीशिवाय तोडू नयेत. या एका कलमात राज्याची गरज, शेतकऱ्याची गरज आणि झाड वाढायला लागणारा काळ, तिन्ही एकत्र आहेत. पं. महादेवशास्त्री जोशींचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश आणि दुर्गा भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (१९५६) हे हाताशी असले, की विधी आणि दैवतांचं बरंच काम भागतं.

शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा मराठी शब्दकोश दोन्ही शोधता येतात. बहुतेक जण तिथे मराठी शब्द घालून अर्थ पाहतात. उलटं करावं. मोल्सवर्थमध्ये संपूर्ण मजकुरात शोध घेण्याची सोय आहे; इंग्रजीत कुंभार, होडी, विहीर यांपैकी काहीही घाला, ज्या ज्या नोंदींच्या स्पष्टीकरणात तो शब्द आलाय त्या सगळ्या समोर येतात. मोटेचा नाडा, बैल उतरतात ती धाव, पाणी पडतं ते थारोळं, असे शब्द याच वाटेने सापडतात. एका प्रसंगात असे दोन शब्द पुरे. पाच घातले की ते कोशाचं पान होतं.

मुंबईत राहून कल्पित जगासाठी मध्ययुगीन युरोप उसना आणणं मला तरी आळस वाटतो. वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली महिकावतीची बखर घ्या. माहीम, साष्टी, बिंब राजा, कुळांच्या याद्या, गावांची वाटणी, धर्म बुडाल्याची हळहळ. रोज ज्या स्टेशनांवरून आपण जातो त्यांतली कित्येक गावं तिथे आहेत. आणि गधेगाळ पाहा. कोकणातल्या शिलाहार राजांच्या काळापासूनचे हे दगड मुंबई-ठाणे-रायगड पट्ट्यात सापडलेत. वर चंद्र-सूर्य कोरलेले, मधे बहुधा दानाचा लेख, आणि खाली गाढव आणि स्त्रीचं ते कुप्रसिद्ध चित्र: हे दान जो मोडेल त्याच्या आईची अशी गत होईल. चंद्र-सूर्य असेतो ही मुदत, दगड हा साक्षीदार, शिवी हीच शिक्षा. जमिनीचा कागद आणि शाप एकाच वस्तूत. वाचता न येणाऱ्यालाही खालचं चित्र कळतं. ज्याला जादूची व्यवस्था रचायची आहे त्याने अशा एका दगडासमोर वही घेऊन बसावं आणि प्रश्न काढावेत: दगड दुसरीकडे हलवला तर शाप हलतो का? दान देणारं घराणं संपलं तर शाप कोण बजावतं? चित्र घासून टाकलं तर? प्रत्येक प्रश्न एका कथेचा ऐवज आहे.

भुतांचंही तसंच. मुंजा पिंपळावर, साती आसरा पाण्याशी, चकवा रानात वाट चुकवतो, कोकणात देवचार गावाची हद्द राखतो. प्रत्येकाला ठरलेली जागा आहे, तसं होण्याचं कारण आहे, मागणं आहे आणि उतारा आहे. टिपणवहीत याच चार रकान्यांत लिहावं. स्वतः रचलेल्या प्राण्यालाही हेच चार रकाने भरायला लावावेत. एक रकाना रिकामा राहिला तर तो प्राणी अजून शोभेचा आहे.

दोन तपासण्या प्रत्येक खर्ड्याला लावाव्यात, कारण चुका हमखास इथेच असतात. पहिली चंद्राची. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, मग रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीकडे उगवतो, शुद्ध अष्टमीला मध्यरात्रीकडे मावळतो. जंगलातल्या सुटकेला चांदणं हवं असेल तर तिथी ठरवा, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी अमावास्या आणू नका. जग कल्पित आहे म्हणून दोन चंद्र दिले तर दोघांचं वेळापत्रक लिहून ठेवा. मला विचाराल तर एकच ठेवा.

दुसरी अंतराची. नकाशा काढतात, पण माणूस दिवसात किती चालतो ते धरत नाहीत. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला सुमारे २५० किलोमीटर अडीच आठवड्यांत जाते. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा तीसेक किलोमीटरचा, आणि तो सगळ्यांत दमवणारा समजतात. चालत्या समुदायाचं हे खरं माप आहे: मुक्काम, स्वयंपाक, म्हातारी माणसं, पाऊस धरून. लवाजम्यासह निघालेलं सैन्य याहून फार वेगाने नेलंत तर बैल कुठे सोडले, हा प्रश्न वाचक विचारणारच.

लोकलमधल्या वाचनाबद्दल थोडं. सकाळच्या विरार फास्टमध्ये पुस्तक उघडायला कोपरं हलत नाहीत. तिथे एका हाताने सरकवता येईल असा फोनवरचा मजकूर किंवा कानात कहाणी. खरं वाचन परतीच्या वाटेवर. संध्याकाळी दादरहून गाडी पकडणारे बरेच जण बसायला जागा मिळावी म्हणून उलटे सीएसएमटीपर्यंत जाऊन रिटर्न येतात. पास तिथपर्यंतचा असेल तर वाचणाऱ्यालाही हे परवडतं, अर्धा-पाऊण तास जादा आणि वर खिडकी. जुलै-ऑगस्टमध्ये वाचनालयाचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवावं आणि टिपणं पेन्सिलीने घ्यावीत. शाईची वही कुर्ला-शीवला तुंबलेल्या पाण्यात एकदाच सापडली की संपते.

प्रवासात बोलून टंकणं अनेकांना सोयीचं वाटतं. फोनला साधं मराठी बऱ्यापैकी कळतं, पण रचलेली नावं अजिबात कळत नाहीत, दर वेळी वेगळंच काहीतरी उमटतं. त्यावर उपाय म्हणजे बोलताना ‘रमेश’, ‘सुरेश’ अशी नेहमीची नावं वापरायची आणि घरी येऊन बदलायची. उच्चारात व्यंजनाने संपणारी पुरुषनामं घ्यावीत, कारण त्यांना प्रत्यय सरळ लागतात: रमेशला, रमेशने, रमेशचा. ‘गंगा’ घेतलीत तर काही ठिकाणी ‘गंगेला’ आणि काही ठिकाणी ‘गंगाला’ होतं आणि शोधून बदलताना निम्मी निसटतात.

म्हणूनच नावांची वही हवी, प्रत्येक कामाची वेगळी. नाव, लिंग, सामान्यरूप, कोण कुणाला अरे-तुरे करतं आणि कोण अहो-जाहो, आणि नाव पहिल्यांदा आलं ते पान. रचलेल्या शब्दाला सामान्यरूप द्यायचं की नाही हे पहिल्या दिवशी ठरवा. नदी ‘इंदा’ असेल तर ‘इंदेच्या काठी’ की ‘इंदाच्या काठी’? शस्त्र ‘सोरटा’ असेल तर ‘सोरट्याने’ होणारच, पण शहर ‘कोरमाळ’ असेल तर ‘कोरमाळात’ की ‘कोरमाळमध्ये’? दोन्ही चालतील, पण एकाच पुस्तकात दोन्ही नकोत. अहो-जाहोचा रकाना लोक गाळतात, आणि मग राजपुत्र तिसऱ्या प्रकरणात गुरूंना ‘तुम्ही’ आणि नवव्यात ‘तू’ म्हणतो. भांडण झालेलं नसतं, लेखक मधे दिवाळीची कथा लिहून आलेला असतो.

शोधताना एक तांत्रिक अडचण येते. ‘ॲ’ हे अक्षर एका कळीने आलेलं असू शकतं किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. ‘ऱ्या’ही दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. फोनवर लिहिलेली प्रकरणं आणि लॅपटॉपवर लिहिलेली प्रकरणं जोडली की एकाच पात्राचं नाव दोन तऱ्हांनी साठलेलं असतं, आणि ‘सगळीकडे बदला’ म्हटल्यावर अर्धीच बदलतात. जोडणीनंतर दोन्ही रूपं वेगवेगळी शोधून एकच करून घ्यावीत.

हीच अक्षरं प्रुफांतही नडतात. तुम्ही युनिकोडमध्ये देता, काही ठिकाणी मांडणी अजूनही जुन्या फॉन्टमध्ये होते आणि मधल्या रूपांतरात जोडाक्षरं फुटतात. पूर्ण मजकूर देण्याआधी दहा ओळींचा एक नमुना पाठवावा, ज्यात ऱ्हास, दुसऱ्या, ॲ, ऑ, हृदय, ब्राह्मण, उद्ध्वस्त, वाङ्मय, श्रृ नव्हे शृ, अवतरणचिन्हं, लांब रेघ, देवनागरी आकडे आणि तुमच्या कादंबरीतली सगळ्यांत अवघड तीन नावं असतील. नमुन्याची पीडीएफ परत आली की ती कागदावर काढून, ओळीखाली पट्टी धरून वाचावी. काय फुटलंय त्याची यादी मांडणी करणाऱ्यांना द्यावी आणि दुसरा नमुना मागावा. पहिल्या प्रुफात फक्त फुटलेली अक्षरं, गळलेल्या ओळी आणि नावांची वही एवढंच पाहायचं. वाक्यं सुधारायला घेतली की ओळी सरकतात, पानं बदलतात, आणि दुसऱ्या प्रुफात नव्या चुका शोधत बसावं लागतं. प्रुफं आलेल्या आठवड्यात कच्चा खर्डा बंद ठेवावा. चुका शोधणारा डोळा सकाळी नव्या वाक्यांवरही पडतो, आणि त्या दिवशीचे साडेचारशे शब्द काही होत नाहीत.